अज्ञात समुद्र, पण कोणाला?

चांदवडात समुद्रावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. इथे पाणी म्हटलं की आधी विहीर आठवते. पण आज ज्या ग्रंथाबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्याला बंदरांइतकीच घाटावरची बाजारपेठही कळते. म्हणून हा विषय इथे मांडायला हरकत नाही.

ग्रंथ म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तकडच्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं लिहिलेला. त्यानं आपलं नाव कुठंच दिलेलं नाही. लहान-लहान ६६ प्रकरणं आहेत. आपल्याकडे हे पुस्तक ‘धाडसी ग्रीक दर्यावर्दींनी अज्ञात समुद्र पार केला’ या थाटात सांगितलं जातं. आमचा आक्षेप त्या थाटावर आहे, पुस्तकावर नाही.

पुस्तकात धाडस जवळजवळ नाहीच. आहे ती व्यापाऱ्याची वही. कुठल्या बंदरात काय खपतं, केव्हा निघावं, कुठे गाळ आहे. पैठणहून गोमेद आणि तेरहून जाडंभरडं कापड नि मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येते. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तेर तिथून पुढे दहा दिवसांवर. कल्याणला चुकून आलेलं ग्रीक जहाजसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेतात. दोन सत्तांच्या भांडणात एक बंदर कसं बसतं, हे त्यानं दोन-तीन ओळींत सांगितलं. इतकं नेमकं गद्य आम्हाला फार आवडतं.

आता हिप्पालस. यानं मोसमी वाऱ्याचा शोध लावला, असं आपण ऐकत आलो. पुस्तक म्हणतं, बंदरांच्या जागा आणि समुद्राचा आकार ध्यानात घेऊन खुल्या समुद्रातली वाट त्यानं प्रथम काढली. प्रथम म्हणजे ग्रीकांत प्रथम, बरं का! कारण याच पुस्तकात भडोचच्या खाडीचं वर्णन वाचा. तिथले उथळ भाग परक्या जहाजांना झेपत नाहीत. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्रापर्यंत सामोरे जातात आणि जहाज ओढून आत आणतात. होड्यांची नावंही दिली आहेत, त्राप्पगा आणि कोतिंबा. होडीचं नाव आहे, कोळ्याचं नाही.

त्याआधीची एक गोष्ट स्ट्रॅबोनं नोंदवली आहे. इ. स. पू. ११८ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या पहारेकऱ्यांना एक अर्धमेला हिंदी खलाशी सापडला. सोबती उपाशी मेलेले. त्याला ग्रीक शिकवलं आणि त्यानं वाट दाखवायचं कबूल केलं. मग युडॉक्सस भारताकडे निघाला. स्ट्रॅबोचा स्वतःचा या गोष्टीवर फारसा विश्वास नाही. पण अविश्वासानं सांगितलेल्या गोष्टीतही नाव उरलं ते युडॉक्ससचं.

आणि या वहीचा सर्वांत मोठा दोष आम्ही लपवणार नाही. भडोचच्या राजासाठी काय आणावं, याची यादी आहे. चांदीची भांडी, गाणारे-वाजवणारे गुलाम, जनान्यासाठी देखण्या मुली, उंची दारू, भारी कपडे. सगळं एका ओळीत, एकाच आवाजात. ज्या नेमकेपणाचं कौतुक आम्ही आत्ताच केलं, तोच इथे निर्दय होतो. माणूस आणि मडकं यांत वही फरक करत नाही. समीक्षकानं दोन्ही सांगायला हवं, नाहीतर ती नुसती भलामण होते.

मग काय, पुस्तक टाकून द्यायचं? मुळीच नाही. वाचायचं, पण शेजारी आपला दगड ठेवून. नाशिकच्या पांडवलेण्यात सतराव्या लेण्याचा लेख आहे. दात्तामित्रीचा यवन इंद्राग्निदत्त, बाप धम्मदेव, मुलगा धम्मरखित. परक्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं, लेकाचं, गावाचं, सगळं आपल्या डोंगरावर कोरलेलं आहे. दान देणाऱ्याला नाव मिळालं. दगड फोडणाऱ्याला तिथंही नाही, हेही तिथं उभं राहून आठवा.

नाशिकला जाणं होतंच आपलं. पुढच्या खेपेला तेवढा लेख बघून या. आम्ही इथे थांबतो.