शारीरिक निकषांची परिभाषा आणि लिंगबदल

पोलीस शिपाई भरतीचे नियम हे केवळ शासकीय कागद मानले जातात; भाषिक संहिता म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच होते. जुन्नर वा आंबेगाव तालुक्यातून भरतीला उतरणाऱ्या उमेदवाराची उपजीविका मात्र या संहितेतील चार ओळींवर ठरते. उमेदवार लिंगबदलाच्या अवस्थेत असेल, तर त्या ओळींचा अर्थच संदिग्ध होतो.

2022 मध्ये ही संदिग्धता चव्हाट्यावर आली. अर्जात पुरुष व स्त्री असे दोनच रकाने होते. 14 नोव्हेंबर 2022 रोजी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसऱ्या पर्यायाचा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. परंतु डिसेंबरात त्याने तो पर्याय देण्याचे व 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे मान्य केले. म्हणजे नाव आधी आले आणि माप मागाहून यावयाचे राहिले. मराठी व्याकरणात असे होत नाही. तिसऱ्या लिंगाला तेथे स्वतःची रूपे आहेत. 'मूल आले' असे म्हणताना आपण 'आला' किंवा 'आली' यांपैकी एक उसने घेत नाही.

आता मापांकडे वळू. या भरतीत पुरुषास उंची 165 सें.मी., छाती 79 सें.मी. व फुगवल्यावर 5 सें.मी. अधिक, आणि धाव 1600 मीटर. स्त्रीस उंची 155 सें.मी. व धाव 800 मीटर. पुरुषाचा गोळा 7.26 किलोग्रॅमचा, स्त्रीचा 4 किलोग्रॅमचा. या साऱ्यांना 'निकष' हे एकच नाव आहे. शरीराला मात्र हे ऐक्य ठाऊक नाही. संप्रेरकोपचारांनी रक्तातील हीमोग्लोबिन काही महिन्यांत बदलते. स्नायू व बळ यांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. प्रौढपणी उंची तर बदलतच नाही. 160 सें.मी. उंचीचा पारलिंगी पुरुष उपचारांनी बलवान होईल, पण 165 सें.मी.चा होणार नाही. त्याला पुरुषाच्या रकान्यात घालावे तर तो उंचीवर बाद होतो. स्त्रीच्या रकान्यात घालावे तर त्याची ओळखच नाकारली जाते.

येथे 'पात्रता' आणि 'गुण' हा भेद उपयोगी पडतो. उंची व छाती पात्रता ठरवतात. धाव व गोळाफेक गुण देतात. पात्रतेच्या मापाबाबत, ते या कामास खरोखर आवश्यक आहे काय, एवढेच विचारावयाचे असते. गुणांचा प्रश्न स्पर्धेचा आहे. तेथे इतर स्त्री-उमेदवारांची शंका अप्रामाणिक मानता येणार नाही, कारण पौगंडावस्थेत कमावलेले बळ उपचारांनी लगोलग ओसरत नाही. कर्नाटकाने 2021 मध्ये शासकीय नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींसाठी 1 टक्का समांतर आरक्षण ठेवले. अशा व्यवस्थेत या उमेदवारांची तुलना प्रामुख्याने परस्परांशी होते व ही शंका बरीचशी निवते.

'लिंग' या शब्दाचा मूळ अर्थ खूण. खुणेवरून वस्तू ओळखावी. खुणेलाच वस्तू समजू नये. 'कोणता रकाना?' हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. कोणते माप, कशासाठी आणि उपचारांच्या कोणत्या टप्प्यावर घेतलेले, हे तीन प्रश्न नियमाच्या भाषेतच विचारले गेले पाहिजेत. ते न विचारता केलेला तिसरा रकाना म्हणजे प्रत्ययावाचून दिलेले नाम होय: कोशात त्याला जागा असते, वाक्यात नसते.