हिमोफिलियाचा धडा : वंशवृक्ष आहे, मोजमाप नाही

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात हिमोफिलियाला एक परिच्छेद मिळाला आहे. एक्स गुणसूत्रावरील अप्रभावी जनुक, वाहक आई, बाधित मुलगा आणि उदाहरणादाखल राणी व्हिक्टोरियाचे घराणे. आनुवंशिकतेचा नियम शिकवायला हे पुरेसे आहे. आजार समजायला मात्र नाही, आणि काही ठिकाणी ते दिशाभूलही करते.

साध्या जखमेतून रक्त वाहतच राहते, असे त्यात सुचवले आहे. वास्तविक किरकोळ खरचटल्यावर रक्तपट्टिकांचा बूच बसतो, आणि हिमोफिलियात रक्तपट्टिका ठीक असतात. खरा रक्तस्राव आत होतो: गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यांत आणि स्नायूंत. म्हणजे शिक्षकांना दिसतो तो रक्ताने माखलेला मुलगा नव्हे, तर वारंवार गुडघा सुजून लंगडत येणारा मुलगा. ‘मुरगळले असेल’ म्हणून त्याला चोळून देणे घातक ठरते.

मुलींविषयीचे विधान तर जुनेच झाले आहे. मुलीला हा आजार होणे जवळजवळ अशक्य, कारण बाधित पिता फार जगत नाही, असा त्याचा आशय. आज घटक-उपचारामुळे बाधित पुरुष संसार करतात. शिवाय स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते. त्या वाटणीत निरोगी प्रत अधिक पेशींत बंद पडली, तर ‘वाहक’ मुलीतही घटकाची पातळी 40 टक्क्यांखाली जाऊ शकते. तिला पाळीत किंवा बाळंतपणात अतिरक्तस्राव होतो, आणि कोणी तपासत नाही.

या साऱ्याचे मूळ एकच. पुस्तकाच्या लेखी आजार ‘आहे’ किंवा ‘नाही’. प्रयोगशाळेत मात्र तो टक्क्यांत मोजावा लागतो. घटक 8 किंवा घटक 9 एक टक्क्याहून कमी असेल तर तीव्र, 1 ते 5 मध्यम, 5 ते 40 सौम्य. घटक कोणता, हेही मोजूनच कळते. व्हिक्टोरियाच्या घराण्यातला आजार घटक 9 चा, म्हणजे हिमोफिलिया ‘बी’ होता, हे 2009 साली रशियन राजघराण्याच्या अस्थींतील डीएनएवरून ठरले. ‘बी’च्या रुग्णाला घटक 8 टोचला, तर महागडे औषध जाते आणि रक्त वाहत राहते.

आता बुलढाणा जिल्हा घ्या. 2011 च्या जनगणनेत येथे तेरा लाखांवर पुरुष होते. हिमोफिलिया ‘ए’ सुमारे पाच हजार मुलग्यांत एकाला होतो. जन्मलेले सगळे जगले असे धरले, तर अडीचशेवर रुग्ण होतात. त्यांतल्या एकाचा नमुना मुंबईला, समजा परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत पाठवायचा आहे. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूर गाठायचे, मग रात्रभराचा प्रवास. घटक 8 नाजूक असतो. रक्तद्रव वेगळा करून सुमारे चार तासांत तपासायचा, नाहीतर गोठवून तसाच गोठलेला पोचवायचा. नुसती नळी पिशवीत घालून नेली, तर घटक वाटेतच घटतो आणि सौम्य रुग्ण मध्यम ठरतो.

नळी भरण्यातही खोट राहते. एक भाग सोडियम सायट्रेटला नऊ भाग रक्त हवे: 0.3 मिलिलिटरला 2.7. लहान मुलाची शीर सापडत नाही म्हणून दीडच मिलिलिटर मिळाले, तर प्रमाण एकास पाच होते. जादा सायट्रेट चाचणीतले कॅल्शियम बांधून टाकते आणि निरोगी मुलाचेही रक्त उशिरा गोठल्यासारखे दिसते. उलट ताप, ताण, गर्भारपण यांत घटक 8 वाढतो, आणि सौम्य रुग्ण निरोगी ठरून दात काढायला जातो. 2016 च्या कायद्याने हिमोफिलियाचा दिव्यांगत्वात समावेश झाला आहे. म्हणजे प्रमाणपत्राचाही आधार शेवटी हाच आकडा.

म्हणून चांगली प्रयोगशाळा स्वतःलाही तपासते. ज्ञात पातळीचा रक्तद्रव प्रत्येक तुकडीबरोबर चालवून आकडा आलेखावर मांडते. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांबाहेर वीस वेळांत एखादा बिंदू नुसत्या योगायोगानेही पडतो. सलग अनेक बिंदू एकाच बाजूला सरकू लागले, तर अभिकारक किंवा 37 अंशांचे जलपात्र बिघडले समजावे. दुसरी तपासणी बाहेरची. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना जातो आणि उत्तरे मध्यकाशी ताडली जातात. जागतिक हिमोफिलिया महासंघाने 2004 पासून अशी योजना चालवली. भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ती चालवते. या नमुन्यांना खास वागणूक द्यायची नाही, रोजच्या रुग्णासारखेच तपासायचे, ही अट. मोह होतोच.

हा मोह आपणच शाळेत लावतो, असे माझे मत आहे. बारावीच्या अनुमापनात सगळ्यांना एकच द्रावण दिलेले असते. ती खरे तर आयती बाह्य तपासणी. पण ‘अपेक्षित’ उत्तर वर्गात आधीच फिरते आणि ब्युरेटचे वाचन त्याबरहुकूम लिहिले जाते. यंदा एकदा वाचने जशी आली तशी फळ्यावर मांडून पाहावीत, त्या दिवशी गुण न देता. मध्यक काढावा, आणि सर्वांत दूरच्या वाचनाची ब्युरेट कोणती होती ते शोधावे.