‘कोर्ट’मधील साक्षीदार : एक चिकित्सा

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा आरोप आहे. त्याला आधार देणारा साक्षीदार पोलिसांच्या ठेवणीतला असल्याचे उलटतपासणीत उघड होते. भारतीय दंड संहितेत २००६ साली आलेले कलम १९५-अ २०२४ पर्यंत खोट्या साक्षीसाठी धमकावण्यास शिक्षा सांगत होते. येथे मात्र धमकी नाही, पुरावा नष्ट करणे नाही. साक्षच तयार मिळते. खोटा पुरावा रचण्याच्या या गुन्ह्याची (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२८) दखल संबंधित वा वरिष्ठ न्यायालयाच्या लेखी तक्रारीवाचून सहसा घेता येत नाही. म्हणजे किल्ली न्यायाधीशांच्याच हाती. बिनबाह्यांच्या पोशाखामुळे एका महिलेचे प्रकरण पुढे ढकलणारे न्यायमूर्ती सदावर्ते या साक्षीने मुळीच विचलित होत नाहीत. येथे दिग्दर्शकाचा संयम कोणत्याही भाषणापेक्षा परिणामकारक ठरतो.

उलट पवारच्या विधवेची साक्ष कोणी पढवलेली नाही. नवरा दारू पिऊन, सुरक्षासाधनांविना गटारात उतरे, एवढेच ती सांगते आणि आत्महत्येची कथा ढासळते.

एक उणीव मात्र जाणवते. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या खासगी आयुष्यात शिरतो. ठेवणीतल्या साक्षीदाराच्या मागे जात नाही. तो पैशासाठी येतो, भीतीपोटी की निव्वळ सवयीने, हे अनुत्तरितच राहते.