भिंतीवरचे दगडफूल

विज्ञानातून स्फूर्ती घेतलेली कलाकृती पाहताना आपण एक प्रश्न विचारायला हवा. कलावंताने निसर्गातली वस्तू नुसती शोभेसाठी उचलली आहे, की तिचा स्वभावही कलाकृतीत उतरला आहे? ओलाफुर एलियासन यांची १९९४ सालची ‘मॉस वॉल’ या कसोटीवर तपासून पाहू.

एलियासन यांचा जन्म १९६७ साली कोपनहेगनला झाला; आईवडील आइसलँडचे. उत्तरेच्या थंड प्रदेशात वाढणारी एक फिकट, झुपकेदार ‘वनस्पती’ जाळीवर बसवून त्यांनी दालनाची अख्खी भिंत मढवली. २०१९ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातही ती मांडली होती.

मॉस म्हणजे हरिता. पण या भिंतीवर हरिता नाहीच! तेथे आहे क्लॅडोनिया रँजिफेरिना हे शैवाक, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे उत्तरेकडचे भावंड. हिवाळ्यात रेनडियर बर्फ उकरून ते खातात, म्हणून बोलीत त्याला ‘रेनडियर मॉस’ म्हणतात. शैवाक हा एक जीव नव्हे. कवक आणि शैवल यांचा तो संसार आहे. कवक घर बांधते, ओलावा धरते. शैवल प्रकाशात साखर तयार करते. १८६०च्या दशकाच्या अखेरीस श्वेंडेनर यांनी ही जोडी ओळखली, तेव्हा त्यांनी तिला मैत्री म्हटले नव्हते. त्यांच्या मते कवक हा मालक आणि शैवल हे गुलाम होते. वर्गात आपण ‘दोघांचाही फायदा’ एवढे सांगून पुढे जातो. हिशेब तितका सरळ नाही.

या कलाकृतीचे खरे बळ विरोधात आहे. शैवाकाला मुळे नसतात. हवा कोरडी असली की ते आक्रसते, फिके पडते, त्याचे जीवनव्यवहार जवळजवळ थांबतात. पाणी मिळाले की ते फुगते आणि रंग बदलते. भिंतीवर पाणी मारल्यावर नेमके हेच घडते, शिवाय दालनभर वास पसरतो. येथे कलावंत बाजूला होतो आणि निसर्गाचा नियम बोलू लागतो. छायाचित्रातून हे कळणार नाही.

मात्र सहजीवन भिंतीवर कोठेच दिसत नाही, आणि नावाने तर ते झाकूनच टाकले आहे. दुसरी उणीव काळाची. हे शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. बोटभर झुपका म्हणजे पंधरा-वीस वर्षांची कमाई. एवढी भिंत मढवायला किती वर्षांची वाढ उपटावी लागली, हे प्रेक्षकाला समजत नाही. आमच्या मते ही कलाकृती ओल्या-सुक्याचे नाते उत्तम दाखवते, पण दोन जिवांचे नाते दाखवत नाही.

ते काम शिक्षकांना करता येईल. शाळेजवळच्या आंब्याच्या खोडावर राखी रंगाचे शैवाक शोधा. त्यावर पाणी शिंपडा आणि थोडे थांबा. राखी रंगातून हिरवा डोकावू लागेल, कारण भिजलेल्या कवकाच्या थरातून आतले शैवल दिसू लागते. भिंग घेऊन मुलांना ते पाहू द्या, चित्र काढू द्या. फक्त खरवडू नका. एवढे वाढायला त्याला कित्येक पावसाळे लागले आहेत.