अपुऱ्या खेळाची संहिता

‘इन्फिनिटी’ म्हणजे अनंत. या नावाचाच खेळ अपुरा राहावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. ‘अ‍ॅफिनिक्स सॉफ्टवेअर’ या छोट्या गटाने १९९९ ते २००१ या काळात तो निन्टेंडोच्या ‘गेम बॉय कलर’साठी रचला. त्याआधी या मंडळींनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर ‘जोल्टिमा’ हा भूमिकाप्रधान खेळ केला होता. त्या कॅल्क्युलेटरमध्ये झेड-८० प्रोसेसर होता आणि गेम बॉयचा प्रोसेसरही त्याच्याच गोतावळ्यातला. पण २००१ मध्ये ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आला, जुन्या यंत्रासाठीच्या खेळाला प्रकाशक मिळेना आणि काम थांबले. २०१६ मध्ये कर्त्यांनी तो होता त्या अवस्थेत सर्वांसाठी खुला केला. २०२१ मध्ये तो पूर्ण करून कार्ट्रिजवर आणण्यासाठी लोकवर्गणीही उभी राहिली.

पूर्ण आवृत्ती करायची, तर २०१६ च्या अपुऱ्या आवृत्तीचे काय करायचे? कच्चा खर्डा म्हणून ती विसरावी, असे सहज वाटते. मला ते पटत नाही.

आधी यंत्राची मर्यादा पाहू. पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा. चित्रे ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटी जुळवून उभी करायची. पडद्यावर अशा ३६० चौकटी मावतात आणि एका चौकटीत फार तर चार रंग. गावे, गुहा, दुकाने, संवाद, शत्रूंची ताकद, तलवारीची किंमत, सगळे एकेक करून भरायचे. उड्या मारत जाण्याच्या खेळाचे पाचच टप्पे झाले, तरी तो छोटा पण पुरा खेळ ठरतो. भूमिकाप्रधान खेळाला ही सवलत नाही.

याचे कारण त्याच्या अर्थव्यवस्थेत आहे. हा प्रकार साठवणुकीवर चालतो. लढा, अनुभवगुण मिळवा, नाणी जमवा, चांगले चिलखत घ्या आणि सर्वांत गुणकारी औषध शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवा. आजचे कष्ट उद्याच्या नावावर जमा होतात. शेवटच नसेल, तर ते औषध पिशवीतच राहते. पूर्ण झालेले खेळ आपला कंटाळवाणा मधला भाग शेवटाच्या आशेवर खपवतात. अपुऱ्या खेळाला ती उधारी मिळत नाही. प्रत्येक गुहेला आपला अर्धा तास तिथल्या तिथे वसूल करून द्यावा लागतो. म्हणून समीक्षकाच्या दृष्टीने अपुरा खेळ ही या प्रकाराची सर्वांत कडक परीक्षा आहे.

खेळणाऱ्याची नजरही इथे बदलते. पूर्ण खेळात रिकामी खोली दिसली, तर काहीतरी दडलेले असेल म्हणून आपण भिंती चाचपतो. अपुऱ्या खेळात ती खोली मुद्दाम रिकामी ठेवली की भरायची राहिली, हे ठरवता येत नाही. मग आपण जुन्या पोथीच्या संपादकासारखे वाचू लागतो.

पोथीचा दाखला इथे दूरचा नाही. ज्या ग्रंथावरून मराठीने ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, ती बाणभट्टाची ‘कादम्बरी’ अपुरीच राहिली होती. ती त्याच्या मुलाने पुरी केली. परंपरेने पूर्वभाग आणि उत्तरभाग असा सांधा उघडा ठेवला, त्यामुळे कोणाचे किती, हे आजही सांगता येते.

खेळात असा एकच सांधा राहत नाही. नवी शेवटची गुहा जोडली, की तिथपर्यंत पोचणाऱ्याची ताकद किती असावी, हे नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी मधल्या शत्रूंचे अनुभवगुण बदलावे लागू शकतात, त्यापायी पहिल्या गावातल्या तलवारीची किंमतही. शेवट लिहिणारा हात अशा रीतीने सुरुवातीपर्यंत पोचतो. वीस वर्षांनी काम हाती घेणारे कर्ते अधिक जाणते असणार आणि म्हणूनच जुन्या चुका त्यांना राहवणार नाहीत. खेळणाऱ्याला त्याचा फायदाच होईल. मात्र तुटपुंज्या साधनांत त्या हौशी मंडळींनी २००१ पर्यंत काय साधले होते, हे नव्या आवृत्तीवरून ओळखता येणार नाही.

तेव्हा खेळ पुरा जरूर करावा, पण २०१६ ची संहिता तिच्या सालासह, एकही आकडा न बदलता जपावी. छापून विकलेल्या खेळांची कार्ट्रिजे संग्राहकांच्या कपाटांत सापडतात. दुकानापर्यंत कधी न पोचलेल्या खेळाच्या त्या अवस्थेचा पुरावा म्हणजे ती एक फाइल आहे.