सॅचेल पेजचे बेसबॉल कार्ड (१९५३) : प्रतिमा आणि आकडे

बेसबॉल कार्डाकडे बहुधा संग्राहकांच्या बाजारातील वस्तू म्हणूनच पाहिले जाते. संहिता म्हणून त्याचे वाचन क्वचितच होते. अमेरिकेतील टॉप्स कंपनीने १९५३ मध्ये बबलगमसोबत विकलेल्या मालिकेतील २२० क्रमांकाचे कार्ड मात्र असे वाचन मागते. सेंट लुईस ब्राउन्स संघाचा कृष्णवर्णीय पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, लेरॉय ‘सॅचेल’ पेज (१९०६-१९८२) त्यावर चितारलेला आहे.

या मालिकेतील चित्रे छायाचित्रांवरून रंगवून घेतलेली होती. पेजच्या कार्डावर चेंडूफेकीचा आविर्भाव नाही. ते निखळ व्यक्तिचित्र आहे. ज्या काळात कृष्णवर्णीयांचे चित्रण प्रायः व्यंगचित्राच्या अंगाने होत असे, त्या काळात ही प्रतिष्ठा लहान म्हणता येणार नाही.

नावात मात्र चूक आहे. रोमन लिपीत ‘सॅचेल’च्या अखेरीस एक ‘एल’ जादा छापला गेला. (देवनागरीत हा दोष दिसतही नाही.) ‘सॅचेल’ म्हणजे पिशवी. मोबाईल या गावच्या रेल्वेस्थानकावर बालवयात प्रवाशांचे सामान वाहिल्यामुळे हे टोपणनाव पडले, असे सांगितले जाते. श्रमातून आलेल्या नावाचे स्पेलिंग तपासण्याची गरज कोणास वाटली नाही, ही बाब बोलकी आहे. तथापि संग्राहक या चुकीची जेवढी चर्चा करतात, तेवढी तिची योग्यता नाही. गंभीर प्रश्न कार्डाच्या मागील बाजूस आहे.

तेथे गत हंगामाची व एकूण कारकिर्दीची आकडेवारी आहे; पण ‘कारकीर्द’ म्हणजे केवळ मेजर लीगमधील. तेथे पेजचा प्रवेश जुलै १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, क्लीव्हलँडकडून झाला. १९५२ अखेर त्याची नोंद २५ विजय व २२ पराभव अशी होती. वस्तुतः तो १९२६ पासून व्यावसायिक खेळाडू होता. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, कॅन्सस सिटी मोनार्क्स अशा कृष्णवर्णीयांच्या संघांतून तो दोन दशके खेळला, कारण १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगचे दार त्याच्या समाजास बंद होते. पुढील बाजूने ज्याला सन्मान दिला, त्याचे आयुष्य मागील बाजूने चार-पाच वर्षांवर आणून ठेवले.

कंपनीने तत्कालीन रूढी पाळली, एवढेच, असा बचाव संभवतो. तो खरा आहे. पण अन्याय करण्यासाठी कोणाच्या दुष्ट हेतूची गरज उरली नव्हती, हेच त्यातून सिद्ध होते. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये देण्यात आला आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत २०२४ मध्ये समाविष्ट झाले. तरीही गावोगावी फिरून खेळलेले असंख्य प्रदर्शनीय सामने या हिशेबाबाहेरच आहेत, आणि पेजची बरीचशी चेंडूफेक तर त्यांतच झाली.

१९७१ मध्ये त्यास कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. प्रारंभी निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी तेथे वेगळे दालन योजले होते. टीका झाल्यावर तो बेत सोडून त्यास पूर्ण सदस्यत्व देण्यात आले. कार्डाच्या मागच्या बाजूवर जुनाच हिशेब कायम आहे.