डेव्हिड गुलपिलिल : वाटाड्या ते गोष्ट सांगणारा

'आक्रोश'मधला (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ चित्रपटभर गप्प असतो. तेंडुलकरांनी त्याला दिलेले मौन आणि ओम पुरींचे डोळे यांचे आपण पुष्कळ कौतुक केले. त्याआधी 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ठाकर नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी स्मिता पाटील. कामे उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण पेठ-सुरगाण्याहून नाशकात येणारी माणसे रोज पाहणाऱ्या मला एक प्रश्न सोडत नव्हता. चित्रीकरण संपले की नट घरी जातो. लहान्या कुठे जातो? तो प्रश्न घेऊनच मी गुलपिलिलचे चित्रपट क्रमाने पाहिले.

गुलपिलिल उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचा, योल्ङू समाजातला आदिवासी. निकोलस रोगने या नाचणाऱ्या पोराला 'वॉकअबाउट'साठी (१९७१) निवडले. रानात भरकटलेल्या दोन गोऱ्या मुलांना तो पाणी दाखवतो, शिकार करून खाऊ घालतो. तो बोलतोही, पण त्याच्या बोलीला उपशीर्षके नाहीत. गोऱ्या मुलीला तो कळत नाही हे रोगला दाखवायचे होते, मान्य. परिणाम मात्र असा की पोरगा बोलूनही मुका राहतो आणि अखेर मरतो.

पुढे 'स्टॉर्म बॉय' (१९७६), 'द लास्ट वेव्ह' (१९७७), 'क्रोकोडाइल डंडी' (१९८६). भूमिका निरनिराळ्या, गोष्ट दुसऱ्याची. पहिली प्रमुख भूमिका मिळायला २००२ साल उजाडले, रॉल्फ डी हिअरच्या 'द ट्रॅकर'मध्ये. तिथेही तो वाटाड्याच. फक्त वाट कुठे न्यायची ते आता तो ठरवतो. 'टेन कनूज' (२००६) तर त्याने डी हिअरला दाखवलेल्या एका जुन्या छायाचित्रातून उभा राहिला. त्याचा निवेदक तोच, आणि सुरुवातीलाच आपली थट्टा करून खदखदून हसतो.

माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम 'चार्लीज कंट्री' (२०१३). लेखनात डी हिअरबरोबर तोही आहे. चार्लीने स्वतः केलेला भाला पोलीस घातक शस्त्र म्हणून जप्त करतात. तो रानात निघून जातो, आजारी पडतो, डार्विनच्या रुग्णालयात पोचतो, मग दारू, मग तुरुंग. तिथे त्याचे केस-दाढी उतरवताना कॅमेरा चेहऱ्यावर खिळून राहतो. २०१४ साली कान महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात याच भूमिकेसाठी तो सर्वोत्तम अभिनेता ठरला.

इथे नटाला भूमिका उतरवून घरी जाता येत नाही, असे मी वहीत लिहिले होते. ते वाक्य नंतर खोडावे लागले. चार्ली तुरुंगात जातो तो पोलिसांच्या गाडीची काच फोडून. गुलपिलिल २०११ मध्ये गेला तो पत्नीला मारहाण करून. पोलिसांची काच फुटते तेव्हा आपण चार्लीच्या बाजूने असतो. घरातली मारहाण पडद्यावर आली असती तर कुणाच्या बाजूने असतो? आपली गोष्ट आपणच सांगायला मिळाली, की त्यातले काय गाळायचे हेही आपल्याच हाती येते. आमच्या लहान्याला तेवढीही संधी नव्हती, म्हणून मी या चित्रपटाला सोडून देणार नाही. आणि तरीही तो मी तीनदा पाहिला.

अखेरीस चार्ली गावातल्या पोरांना नाच शिकवतो. या चित्रपटात त्याच्या भाषेला उपशीर्षके आहेत.